खरा आणि पहिला

...उजव्या कडेला पितळ झिजून इतकं गुळगुळीत झालं होतं की दिव्याचा उजेड त्यावर पडून नुसता घसरत होता, आणि डाव्या कडेला मात्र कानशीचे चार ओरखडे अजून तसेच होते – आडवे, घाईतले, काम पुरं व्हायच्या आधीच कुणीतरी हाक मारल्यासारखे. बोटाच्या एका पेराएवढी पाचर. ती अंगठ्यानं उलटी करायची, सुलटी करायची, ही त्याची जुनी सवय. समोर उभी असलेली वकीलबाई काय म्हणतेय ते ऐकू येत होतं, पण शब्द शेजारच्या खोलीतून यावेत तसे येत होते.

"सर, आज शेवटचा दिवस आहे."

"कुणाचा?"

"पेटंटचा." ती हसली. हसावं की नाही ते न ठरवता हसली. "आज संध्याकाळी आपले साहेबलोक थोडं काहीतरी बोलणार आहेत खाली. केक आहे म्हणे. तेराव्याला केक कापल्यासारखंच, नाही का?"

तोही हसला. बाई हुशार होती. कंपनीच्या कायदा विभागात येऊन तिला तीनच वर्षं झाली होती, पण कागद वाचताना ती ओळीखाली बोट ठेवत नसे, आणि त्याला अशी माणसं आवडत. तिनं एक फाइल त्याच्यापुढे सरकवली. वर पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर बाण, बाणाच्या टोकाशी रिकामी जागा.

"नव्या अर्जाची घोषणा. पाचरेच्या अस्तराची. आजच गेला पाहिजे. उद्यापासून मूळ कृत्रिम गुडघा सगळ्यांसाठी मोकळा होतोय. त्यातल्या कुणी तुमच्यासारखंच अस्तर लावून माल बाजारात आणला, तर आपलं नवेपण गेलं. सही इथं."

त्यानं वाचलं. *मी, खाली सही करणारा, जाहीर करतो की प्रस्तुत शोधाचा खरा आणि पहिला शोधकर्ता मीच आहे.*

खरा आणि पहिला. वीस वर्षांपूर्वी याच शब्दांखाली त्यानं सही केली होती. तेव्हा फाउंटन पेन होतं, आणि शाई वाळेपर्यंत थोरल्या मालकांनी कागदावर फुंकर मारली होती.

"संध्याकाळपर्यंत देतो," तो म्हणाला.

"सहाच्या आत, सर."

ती गेली. डँपर लावलेलं दार आपोआप सावकाश मिटत गेलं.

अस्तर त्याचंच होतं. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. पाचर घट्ट बसताना गुडघ्यातून 'टक्' असा आवाज यायचा, आणि कृत्रिम पाय वापरणाऱ्या एका शिक्षिकेनं पत्र लिहिलं होतं – मी वर्गात शिरायच्या आधी माझा गुडघा शिरतो, मुलं सावध होतात. पत्र वाचून तो खूप हसला होता आणि मग आठवडाभर बसून त्यानं पाचरेला नखाएवढ्या जाडीचं नायलॉन चढवलं होतं. आवाज गेला. खरा आणि पहिला शोधकर्ता तोच. कुणीही शपथ घालावी. आणि तरी त्याला पक्कं माहीत होतं की हा शोध वगैरे काही नाही. हा दाराला लावायचा पडदा आहे. कंपनीला तो हवा होता कारण त्या पडद्याआड आणखी वीस वर्षं बसता येईल असं धाकट्या मालकांना वाटत होतं... म्हणजे जे माझं आहे ते क्षुल्लक, आणि जे मोठं आहे ते –

त्यानं पाचर खाली ठेवली.

पेटंट म्हणजे सौदा असतो, हे तो नव्या इंजिनिअरांना दरवर्षी समजावून सांगे. युक्ती पोटात दडवून ठेवली तर ती माणसाबरोबर जळून जाते. म्हणून सरकार म्हणतं, सगळं उघड सांगा, आकृत्यांसकट, कुणालाही करता येईल असं. बदल्यात वीस वर्षं तुमच्याखेरीज कुणी करायचं नाही. मग ते सगळ्यांचं. हे तो फळ्यावर न लिहिता सांगे आणि मनापासून सांगे, कारण त्यानं ते होताना पाहिलं होतं. आधी काय होतं? पत्र्याची शेड, अकरा माणसं, आणि उतारावर दगा देणारे गुडघे. त्या एका कागदाच्या जोरावर बँकेनं दार उघडलं, परदेशी कंपनीनं परवाना मागितला, शेडची इमारत झाली, अकराची साडेतीनशे माणसं झाली. हातात कागद नसता तर पहिल्या वर्षीच कुणा मोठ्यानं उचललं असतं आणि अकरा जणांनी घरी जाऊन पंखा बघितला असता. कारखान्यात म्हणत, दुसऱ्यांच्या साहेबांनी पाचर मारली की काम बंद पडतं, आपल्या साहेबांनी मारली आणि काम सुरू झालं.

आपल्या साहेबांनी.

याची दुसरी बाजूही त्यानं पाहिली होती. एका इमारतीच्या जिन्याखाली एक माणूस हेच गुडघे तिसऱ्या हिश्श्याला बनवत असे. कंपनीनं खटला भरला. तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यानं शोधाची हकिकत सांगितली होती, आणि जिन्याखालच्यानं आपल्या बचावात एकच वाक्य म्हटलं होतं – "मी चोरलं नाही साहेब, उघडून पाहिलं." न्यायाधीशांनासुद्धा हसू आलं. निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. जिन्याखालचा पुढे खिडक्यांच्या जाळ्या करू लागला. चांगल्या करतो म्हणतात.

हकिकत अशी होती. आठ महिने गुडघा वाकू न देण्यासाठी स्प्रिंगा बसवून झाल्या होत्या. कडक स्प्रिंग लावली तर माणूस काठीसारखा चालायचा, मऊ लावली तर उतारावर कोसळायचा. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, घडीचं लाकडी स्टूल उघडताना लक्षात आलं की मोकळं असताना ते डुगडुगतं, पण वर बसलं की आपल्याच वजनानं घट्ट होतं. मग गुडघ्याला अडवायचं कशाला? वजन पडलं की आत पाचर बसून त्यानं स्वतःच अडावं. बस, एवढंच. ही गोष्ट त्यानं कोर्टात सांगितली, भाषणांत सांगितली, विहीणबाईंना जेवणाच्या टेबलावर सांगितली. इतक्यांदा सांगितली की आता डोळे मिटले तर स्टुलावर त्याला स्वतःचेच हात दिसत. मनगटावर घड्याळ, जे त्यानं त्यानंतर दोन वर्षांनी घेतलं होतं.

हात मायक्रॉनचे होते.

मायक्रॉन म्हणजे शेडमधला टर्नर. लेथवर काम करता करता एका मायक्रॉनसाठी कुणाशीही भांडायचा, म्हणून ते नाव. खरं नाव पगारपत्रकातच राहिलं. त्यानं स्टूल दोनदा उघडलं, दोनदा मिटलं, आणि म्हणाला होता, "साहेब, आपण गुडघ्याशी कुस्ती खेळतोय. त्यालाच भार घेऊ द्या की." आणि डबा तसाच टाकून, भंगारातला पितळेचा तुकडा कानशीनं घासून... संध्याकाळपर्यंत पाचर तयार होती. कोन नंतर त्यानं, म्हणजे साहेबांनी, काढला. अकरा अंश. गणित त्याचं, चित्रं त्याची, चाचण्या त्याच्या. तेही काही कमी नव्हतं. दोन नावं सहज मावली असती. कागदावर जागा होती, 'अधिक शोधकर्ते असल्यास' असं छापलेलंच होतं. त्या वेळच्या वकिलांनी विचारलं, "शोधकर्ता कोण?" थोरले मालक त्याच्याकडे पाहत होते. भिंतीपलीकडून लेथचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मी." कुणी दटावलं नव्हतं, कुणी लालूच दाखवली नव्हती. एका अक्षराचं उत्तर, ते तोंडातून गेलं, आणि नंतर सांगू, नंतर घालू, असं म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत असा एक महिना गेला नाही की त्याला ते आठवलं नाही. हे त्याला मनातल्या मनात थोडं भूषणावह वाटे. निदान आपल्याला टोचतं तरी.

साडेबारा वाजले होते. फाइल उघडीच ठेवून तो उठला. "बाहेर जाऊन येतो," असं त्यानं कुणालाही उद्देशून न म्हणता म्हटलं.

मायक्रॉन निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. बायको गेल्यावर तो मुलीकडे राहायला आला, हे ऐकून ठाऊक होतं; पत्ता निवृत्तिवेतनाच्या कागदावर मिळाला. बसनं चार थांबे. दोन मजले चढताना तो स्वतःशी वाक्यं जुळवत होता – मिस्त्री, एक गोष्ट राहून गेली. नको. मिस्त्री, तुमचं माझ्याकडे एक देणं... नको, देणं कसलं. मिस्त्री, मला माफ करा. हे बरं होतं. यात कर्ता, कर्म, सगळं जागेवर होतं. त्याला हलकं वाटू लागलं, अजून काही बोललाही नसताना. डॉक्टरच्या दारात पाय ठेवल्यावर दाढ दुखायची थांबते तसं.

दार मुलीनं उघडलं. चाळिशीची असावी. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. ती काढून तिनं पदराला टोचली. मागे शिलाई मशीनवर निळं कापड अर्धवट पडलं होतं.

"अहो, साहेब! या ना. बाबा, बघा कोण आलंय."

मायक्रॉन खिडकीशी बसला होता. फारच लहान दिसत होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि तशाही स्थितीत तो चष्म्याच्या बिजागरीत स्क्रू घालत होता, बोटांनी चाचपून.

"आवाजावरून ओळखलं असतं, पण तुम्ही बोलतच नाही," तो म्हणाला. "बसा. अंगानं सुटलात."

"तुम्हाला दिसतंय?"

"खुर्ची सांगतेय."

तिघंही हसले. मुलगी चहा टाकायला आत गेली. काही वेळ दोघं कारखान्याचं बोलले – जुनी लेथ भंगारात गेली, नवी स्वतःच मापं घेते. "मग भांडायचं कुणाशी?" मायक्रॉननं विचारलं. मग तोच म्हणाला, "आज काय विशेष?"

"पेटंट आज संपतं, मिस्त्री. उद्यापासून तो गुडघा कुणीही बनवू शकतो."

"वा." मायक्रॉननं स्क्रू ड्रायव्हर मांडीवर ठेवला. खरोखर आनंद झाल्यासारखा त्याचा चेहरा उघडला. "मग स्वस्त होईल. तो जिन्याखालचा आहे का अजून?"

"जाळ्या करतो."

"त्याला सांगा कुणीतरी. हात चांगला होता त्याचा."

आता. हीच वेळ होती. तो खुर्चीत पुढे सरकला आणि जुळवलेलं सगळं विसरून भलतंच बोलून गेला. "मिस्त्री, त्या कागदावर तुमचं नाव हवं होतं. मी घातलं नाही. तेव्हाच घालायला पाहिजे होतं. मला... बरीच वर्षं सांगायचं होतं."

मायक्रॉननं मान थोडी तिरकी केली, यंत्राचा आवाज बदलला की तो करायचा तशी.

"कुठल्या कागदावर?"

"पेटंटच्या."

"नाही कसं? आहे की."

"नाही, मिस्त्री."

"अहो, थोरल्या मालकांनी मला ढाल दिली. सगळ्यांसमोर. तुम्ही तिथंच होता." त्यानं भिंतीकडे हात केला. तिथं खरंच एक पितळी ढाल होती, चकचकीत पुसलेली, आणि शेजारी फोटो, फोटोत थोरले मालक, मायक्रॉन, आणि टाळ्या वाजवणारा तो स्वतः. ढालीवर इंग्रजीत कंपनीचं नाव, शोधाचं नाव आणि तारीख होती. दुसरं काही नव्हतं. "मी समजलो, त्याचीच ती..."

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती वडिलांकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होती. रागानंही नाही. शिवताना माप चुकलं की माणूस कापडाकडे पाहतो, तशी.

"माझ्या मुलीनं कॉलेजच्या इंटरव्ह्यूत सांगितलं होतं," ती म्हणाली. "आजोबांच्या नावावर पेटंट आहे म्हणून. त्यांनी शोधून पाहिलं असेल का हो?"

वीस वर्षांत त्यानं या भेटीचे कितीतरी आराखडे केले होते. एकात मायक्रॉन रागावायचा, एकात रडायचा, बहुतेकांत 'जाऊ द्या हो साहेब' म्हणून हात झटकायचा. मायक्रॉनला ठाऊकच नसेल, ही शक्यता कुठल्याच आराखड्यात नव्हती. ज्याला टोचत होतं तो एकटा मीच होतो. या घरात तर ती गोष्ट सुखानं नांदत होती... आणि मी आत्ता जिना चढून, घाम पुसून, ती उचलून न्यायला आलो.

"आता बदलता येतं का?" मायक्रॉननं विचारलं. सरळ, कामाचा प्रश्न.

"विचारतो. माहीत नाही. उद्या तर ते..."

"संपतंय." मायक्रॉननं मान हलवली. "म्हणजे संपायच्या दिवशी सांगायला आलात." त्यानं चष्मा चाचपला, बिजागरी उघडली, मिटली, कानाशी नेऊन ऐकली. मग म्हणाला, "चहा घ्या. निवतोय."

त्यानं चहा घेतला. साखर जास्त होती की कमी, ते त्याला नंतर आठवेना.

उतरताना पहिल्या मजल्यावर तो थांबला. वरचं दार लगेच बंद झालं नव्हतं, मग झालं.

परत आला तेव्हा खाली हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चाललं होतं. फाइल जिथल्या तिथं होती. पाच वाजता वकीलबाई आली आणि पिवळी चिठ्ठी अजून रिकाम्या जागेकडे बोट दाखवतेय हे पाहून खुर्चीत बसली.

"शोधकर्त्याचं नाव राहून गेलं असेल," त्यानं विचारलं, "तर नंतर घालता येतं?"

"कुठल्या अर्जात? या?"

"त्या."

ओळीखाली बोट न ठेवता वाचणाऱ्या माणसाला बाकीचं सांगावं लागत नाही. तिनं खुर्चीमागचं दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"आज अर्ज देऊन बघता येईल," ती सावकाश म्हणाली. "तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. घटना कशी घडली, कुणी काय केलं. कोर्टात तुम्ही दिलेली साक्ष यापेक्षा वेगळी आहे ना?"

"हो."

"मग तेही लिहावं लागेल. त्या साक्षीवर एक माणूस बंद पडला, सर. आणि ज्यानं एका घोषणेत खोटं लिहिलं, त्याची दुसरी घोषणा" – तिनं पिवळ्या चिठ्ठीकडे पाहिलं – "कोण मानेल? धाकटे मालक..." तिनं वाक्य सोडून दिलं. "आणि फायदा म्हटला तर काहीच नाही. उद्यापासून त्या पेटंटला अर्थ नाही. फक्त नाव. खरं सांगू? मला नक्की माहीत नाही. असं मला आजवर कुणी विचारलंच नाही."

तिनं ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून फाइलीशेजारी ठेवला. समोरासमोर नाही, जरा बाजूला, त्याच्यावर जबरदस्ती नको अशा बेतानं. "मी खाली आहे. पावणेसहाला येते."

त्यानं कोरा कागद ओढला. *त्या दिवशी दुपारी*, असं लिहिलं. मग थांबला. त्या दिवशी दुपारी मायक्रॉन स्टूल उघडत होता. ते लिहिता येईल. पण आपण कुठं होतो? उभे की बसलेले? डबा खात होतो? 'त्यालाच भार घेऊ द्या की' हे ऐकल्यावर आपण काय म्हणालो? काहीतरी म्हणालो असणार. हसलो असेन. शाबासकी दिली असेन... काही केल्या आठवेना. स्वतःला तिथं बसवायला जावं तर चित्रातला तेवढा भाग रबरानं पुसल्यासारखा पांढरा. इतकी वर्षं ती दुपार स्वतःची म्हणून वापरली, आणि आता तिच्यात उभं राहायलाही जागा नाही. त्याला वाटलं, याची भीती वाटायला हवी. तशी वाटली नाही. उलट काहीतरी मोजून झाल्यावर हात रिकामे राहतात तसं वाटलं.

खालून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी माइक तपासत होतं.

पावणेसहाला वकीलबाई आली. एका कागदावर सही नाही, दुसऱ्यावर तीन शब्द. "सर, काय करायचं?"

"थांबा जरा," तो म्हणाला.

आणि म्हणताना त्याच्या ध्यानात आलं की आपण यातल्या कुठल्याच कागदाचा विचार करत नाही आहोत. मायक्रॉन आपल्याला काय म्हणेल, याचाच हिशेब त्यानं आजवर केला होता. मायक्रॉनला काय वाटेल, याचा कधीच नाही. आता मन त्या दोन मजल्यांवर जाऊन बसलं होतं, बोलावलं तरी येत नव्हतं. संध्याकाळची ती खोली. मशीनवरचं निळं कापड. नात कॉलेजातून आली असेल, चपला काढत असेल. आई तिला आत्ताच सांगेल की जेवताना? की आधी बापाला विचारेल, हळू आवाजात – बाबा, खरंच का हो? आणि म्हातारा खिडकीशी, एका डोळ्यानं पाहत... तो काय उत्तर देईल, ते ऐकू यावं म्हणून साहेबांनी डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली. वकीलबाई काहीतरी बोलली, खाली माइक चिरकला. त्यानं हात वर करून तिला गप्प राहायची खूण केली. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तो ऐकतच राहिला.